अण्णांचा कान

करमाडच्या स्टँडवर अण्णांनी माझा ड्रॉइंग बोर्ड सिमेंटच्या रिकाम्या गोणीत गुंडाळून ओळंब्याच्या दोरीनं आवळून दिला होता. जालन्याहून आलेल्या एसटीचा कंडक्टर म्हणाला, "दरवाजा हाय का काय हा?"

"पोराचं सामान हाय. ग्रॅज्युएट हाय तो. बंगलोरला चाललाय, चित्राच्या नोकरीला."

"मंग आमचंबी एखांदं काढा म्हणा."

"आत्ता घाईत हाय तो," अण्णा गंभीरपणे म्हणाले. बस हलली तरी त्यांनी हात केला नाही. खिडकीतून बोर्डाकडंच बघत होते, गाठ सुटती का काय म्हणून.

अण्णा गवंडी होते. जवळच्या शेंद्रा एमआयडीसीतल्या कितीतरी कंपन्यांच्या भिंती त्यांच्या हातच्या. भिंत उभी राहिली की गेटच्या आत जायला त्यांनाच पास लागायचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि तेही चित्रकलेच्या. हे मी आजही कुणी न विचारता सांगतो. ज्यांच्या घरात तिसरी पिढी शिकतीय त्यांना त्यात सांगण्यासारखं काय ते कळायचं नाही.

गाव सोडायच्या आधीही मी चित्रकार होतोच. आमच्या बौद्ध वस्तीत कुणी गेलं की त्याच्या मागच्या विधीला, पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदनेच्या वेळी त्या माणसाचा फोटो समोर लागतो. बऱ्याच जणांचा धड फोटोच नसायचा. मग घरचे रेशनकार्डावरचा नाहीतर आधारवरचा फोटो घेऊन माझ्याकडं यायचे. मी पेन्सिलनं चेहरा मोठा करून द्यायचो. "कोट घाल रं, शोभंल," असं हमखास म्हणायचे. जन्मभर बनियनवर राबलेली माणसं मी कोटात बसवली. अण्णा शेजारी बसून बघायचे. एकदा म्हणाले, "माझ्या टायमाला कोट नको. सदराच काढ. अन् हा काप सोडू नको." त्यांच्या डाव्या भुवईत दगडाची कपची लागून काप पडला होता. माय ओरडली, "चांगलं बोला की!" आम्ही तिघंही हसलो.

बंगलोरला मुलांच्या कॉमिक्सच्या स्टुडिओत लागलो. पहिल्यांदा दुसऱ्यांनी काढलेल्या पेन्सिलच्या रेघांवर शाई फिरवायचो. मग माझं स्वतःचं पात्र मंजूर झालं, मिस्त्रीकाका. अण्णांचाच चेहरा. संपादक बाई चांगल्या होत्या, पण म्हणाल्या, भुवईवरचा काप काढा, मुलं घाबरतात. मिशी जाड करा. नाक गोल करा, लांबून ओळखू आलं पाहिजे. आणि हसवा त्याला. मी हसवलं. कॉमिक्समध्ये एकच चेहरा शेकडो चौकटींत तसाच्या तसा यावा लागतो, म्हणून त्याचा एक नमुना करून टेबलासमोर चिकटवतात: समोरून, बाजूनं, मागून, रागात, आनंदात. तो कागद माझ्यासमोर इतकी वर्षं होता की पुढं त्याच्याकडं बघायचीही गरज उरली नाही. हात आपला आपण चालायचा.

पहिलं पुस्तक घरी पाठवलं. अण्णांनी ते चहाच्या टपरीपासून विहारापर्यंत सगळ्यांना दाखवलं. मला फोनवर म्हणाले, "लई भारी. पर हा एवढा हसतोय कामून? काय झालंय काय त्याला?"

फोनचं सांगायचं राहिलं. मी व्हिडिओ कॉल लावायचो. अण्णांना ते जमलंच नाही. फोन आला की कानाला लावायचा, एवढंच त्यांना ठाऊक. त्यामुळं माझ्या स्क्रीनवर सगळी वर्षं एक कान दिसायचा आणि मागं पत्र्याचा कोपरा. "अण्णा, फोन समोर धरा." "मंग ऐकू कसं येईल?" पुढंपुढं मी सांगायचं सोडलं. घरी जाणं वर्षातून एकदा, तेही धावत. तुमच्यातले जे माझ्यासारखे गेले, त्यांना ते धावतं जाणं माहीत आहे. जे मागं राहिले, त्यांना ते माहीत करून घ्यावं लागलं.

मागच्या उन्हाळ्यात अण्णा कामावरच बसल्या जागी गेले. मी विमानानं आलो.

दोन-तीन दिवसांनी मायनं पाट मांडून त्यावर कागद ठेवला. "फोटो स्टुडिओवाला कोट घालतो. त्यांनी सांगितलं व्हतं तुला. तू काढ."

आधारवरचा फोटो म्हणजे एक काळा डाग. मोबाईलमधल्या फोटोंत ते कायम कुणाच्या तरी मागं, मान खाली घालून. मला वाटलं, फोटो कशाला लागतो? माझा बाप आहे. भरदुपारी, भेटायला आलेले सगळे बसलेले असताना मी काढायला घेतलं. हात लगेच चालला, आणि पाच मिनिटांत कागदावरून मिस्त्रीकाका हसायला लागला. खोडला. नाक बारीक केलं, मिशी उतरवली, काप घातला. काप वरून चिकटवल्यासारखा दिसत होता. दुसरा कागद. तिसरा. माय सगळं बघत होती.

"सुमेध," ती हळूच म्हणाली, "हे तुझे अण्णा नायत. पुस्तकातला माणूस हाय हा."

"थांब, जमंल."

"जाऊ दे बाबा. दमलास."

पुण्यानुमोदनाला आधारवरच्याच फोटोवरून गावातल्या फोटो स्टुडिओत करून आणलेला फोटो ठेवला. निळा कोट, लाल टाय, काप पुसून दोन्ही भुवया एकसारख्या. तोच आता भिंतीवर आहे. माय म्हणते, "कुणी साहेबच बसलाय घरात असं वाटतं. डोक्यावर पदर घ्यावा लागतो."

बंगलोरला परत आल्यावर मी रोज काम संपवून अण्णांचा चेहरा काढून बघायचो. दर वेळी तोच, हसणारा. एकदा काहीच न ठरवता कडेपासून सुरुवात केली आणि कान उतरला. पाळीवर लहानपणी टोचलेलं, बुजलेलं भोक, वरच्या कडेचे पांढरे केस, मागं लावलेली पेन्सिल. अगदी खरा. पुढं गालाकडं रेघ न्यायला गेलो आणि हात थांबला. पुढचं माझ्याकडं नव्हतंच.

तेवढाच कागद घेऊन या दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो. मायनं तो मांडीवर घेतला, पाळीवरच्या भोकावर बोट ठेवलं.

"हां," ती म्हणाली. "हे त्यांचं."

"फ्रेम करू?"

"भिंतीवर कान टांगतं का कुणी? लोक काय म्हणतील!" ती जरा हसलीही. मग तिनं तो पत्र्याच्या पेटीत, त्यांच्या सदऱ्याच्या घडीत ठेवला आणि पेटी लावून घेतली.

घर कुठलं असं इथं कुणी विचारलं की मी संभाजीनगरजवळचं करमाड सांगतो. मनात मात्र भिंतीवरच्या त्या कोटवाल्याचं घर येत नाही. ती पेटी येते. माझं ऐकणाऱ्या अण्णांचं जे काही उरलंय, ते तिच्यात आहे.