सुप्याच्या माळावर, माझ्याच आवाजात

मी विज्ञानाचा मास्तर. भूत दिसलं तर आधी डोळे तपासून घ्या, मग माझ्याकडे या, असं पोरांना सांगत नोकरी संपवली. आजही माझं मत तेच आहे. तरीपण हे लिहितोय, कारण बायको म्हणाली, "एकदाचं लिवून टाका, म्हंजे सुटाल."

बहात्तरच्या दुष्काळातला हिवाळा. मी सुप्याच्या शाळेत होतो. तेव्हाचं सुपा म्हणजे पुणे-नगर रस्त्यावरचं एक गाव, एसटीचा थांबा आणि चहाची दोन हॉटेलं. रस्ता सोडून अर्धा तास चाललं की किसनरावांचा माळ लागायचा. तिथे विजेचा खांब नाही, झाड नाही, आणि त्या वर्षी तर आभाळात ढगाचा ठिपकासुद्धा नाही. नगरचे एक ओळखीचे गृहस्थ अमावस्येच्या आसपासच्या शनिवारी सात-आठ जणांचा ग्रुप एसटीने पाठवायचे. मी त्यांना आकाश दाखवायचो. लोक पावसासाठी आभाळाकडे बघत होते आणि आमचं आकाशदर्शन मात्र जोरात... मनाला बरं वाटायचं नाही.

किसनरावही आमच्यात येऊन बसायचे आणि दर वेळी चिडवायचे, "आवसंला मानसं घरात बसत्यात मास्तर, तुमी बाहेर काढताय."

त्या पावसाळ्यात आमची शालू गोवराने गेली. चार वर्षांची होती. एकुलती एक.

तेव्हापासून माझी झोप उडाली. उडाली म्हणजे पार उडाली. नगरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या खाऊन नुसतं तोंड कडू व्हायचं. दिवसभर अंग मोडून यायचं, रात्री डोळे टक्क उघडे. एकदा सायकलवर भर दुपारी पेंग आली आणि ट्रकखाली जाता जाता वाचलो. डॉक्टर म्हणाले, "असंच चाललं तर पुढच्या वेळी वाचणार नाही." बायकोने, सुमनने, ते ऐकलं आणि त्या शनिवारी ती माझ्याबरोबर निघाली. "एकटं न्हाई सोडायची," एवढंच म्हणाली. घरात आमचं बोलणं तेवढंच उरलं होतं. शालूचं नाव तर दोघांपैकी कुणीच घेत नव्हतं.

आमची पद्धत अशी — बॅटरी बंद, विडीकाडी बंद, सगळ्यांनी घोंगड्यांवर उताणं पडायचं. प्रश्न विचारायचा तोही वर बघूनच. एकमेकांकडे बघायचंच नाही, म्हणजे डोळे अंधाराला सरावतात. मी पण त्यांच्यातच आडवा पडून बोलायचो. सुमन माझ्या शेजारी.

ध्रुव दाखवला, शर्मिष्ठा दाखवली. मग म्हणालो, "आता थोडा वेळ गप्प पडून राहा, डोळ्यांना सवय होऊ द्या." कृत्तिका अगदी डोक्यावर होत्या. शालू गेल्यापासून मी त्या गाळून थेट रोहिणीवर जायचो. आता रोहिणी सांगायची, एवढं मनात आलं...

जाग आली तेव्हा सुमन खांदा हलवत होती. व्याध चांगला वर आला होता, म्हणजे तास-दीड तास तरी गेला होता, आणि माणसं घोंगड्या गुंडाळत होती. लाजेने मेल्यासारखं झालं. मंडळी एवढ्या लांबून आली आणि मास्तर घोरतोय!

जवळ ग्रुपमधल्या एक नर्सबाई उभ्या होत्या. त्यांना म्हणालो, "माफ करा हं, माझा डोळा लागला."

त्या हसल्या. "चेष्टा करताय का सर? इतकं छान सांगितलंत. ते फुटाण्यांचं तर फारच गोड."

"कुठले फुटाणे?"

"असं काय करता... कृत्तिकांना तुमची मुलगी फुटाणे म्हणते ना? सातातला एक तिने खाऊन टाकला, म्हणून सहाच दिसतात. पुढच्या वेळी आणा की तिला."

शालू तसंच म्हणायची. अंगणात, माझ्या मांडीवर बसून. पण हे मी कुणाला, अगदी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. मला मुलगी होती हेसुद्धा त्या बाईंना ठाऊक असायचं कारण नव्हतं. पलीकडून किसनराव म्हणाले, "आज लई ब्येस सांगितलं मास्तर. एरवी घाईघाईत उरकता."

ग्रुपला एसटीत बसवलं आणि आम्ही दोघं घराकडे निघालो. मी मास्तरासारखा विचार करत होतो. झोपेत बडबडलो असेन, दुसरं काय! सुमनला तसं म्हणालो.

ती थांबली. "न्हाई. माझा हात तुमच्या छातीवर हुता. तुमी घोरत हुता."

"मग बोललं कोण?"

"मला काय म्हाईत? आवाज तुमच्या पल्याडनं येत हुता. तिकडं कुनीच न्हवतं."

"आणि तू मला उठवलं नाहीस?"

"भ्या वाटलं मला. लई वाटलं. पन इतक्या म्हयन्यांनी तुमी निजला हुता... कशी उठवू?"

मग ती रस्त्याच्या कडेला बसली आणि शालूला हाका मारून रडली. मीही रडलो. घरी जाऊन आडवा झालो तो उन्हं वर आल्यावरच उठलो. त्यानंतर झोप हळूहळू रुळावर आली.

नंतर मी सगळं तपासलं. दिवसा माळावर जाऊन हाका मारून पाहिल्या, आवाज कुठून घुमतो का ते बघितलं. नर्सबाईंना पुन्हा भेटून खोदून खोदून विचारलं. त्यांनी ऐकलेला शब्द न् शब्द माझ्या बोलण्यातला होता. कुणी नक्कल केली म्हणावं, तर फुटाणे फक्त आम्हा तिघांनाच माहीत. शेवटी तपास सोडून दिला.

सुमनला मात्र बऱ्याच वर्षांनी एकदा विचारलं, "तो आवाज नक्की माझाच होता?"

"तुमचाच," ती म्हणाली. "पन शालू जायच्या आधीचा."