तण उपटताना लॅटिन

बाबा मुंबईत शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. बासष्ट साली आम्ही इस्रायलमध्ये पेताह तिक्वाला आलो आणि त्यांना काम मिळालं संत्र्याच्या बागेतलं तण काढायचं. हिब्रू काही त्यांच्या डोक्यात शिरेना; बाजारापुरतं कसंबसं यायचं. शेजारच्या ओळीत रुमानियाचे एक गृहस्थ असत. तिकडे त्यांचं औषधांचं दुकान होतं म्हणे. त्यांचंही तेच रडगाणं.

एकदा बाबांनी एक वेल उपटला आणि सवयीनं पुटपुटले, "सॅजिटाटा." सॅजिटा म्हणजे बाण, बाणाच्या टोकासारखं पान. ते गृहस्थ खुरपं टाकून आले. त्यांनी दुसरं एक गोलसर पान पुढे धरलं, "रेनिफॉर्मिस!" रेन म्हणजे मूत्रपिंड. झालं, दोघांची गट्टी जमली. दिवसभर पानांचे आकार चालायचे. पुढे एकमेकांच्या घरी चहाला येऊ लागले, तिथेही लॅटिनच. आई म्हणायची, "दोन वेडे बरे भेटले."

त्या चहापाण्यातच त्यांचा मुलगा आणि मी एकमेकांना आवडलो. दोन्ही बाप खूश. चौसष्ट साली यहुदी धर्मगुरूंच्या कचेरीत लग्नाची नोंद करायला गेलो, तर तिथल्या माणसानं माझ्या रंगाकडे पाहिलं आणि माझी आजी, पणजी यहुदीच होत्या कशावरून, याचा पुरावा मागितला. मुलाचे आईवडील गप्प. मुलगा म्हणाला, "थांबू या." मी तशीच उठून निघाले.

घरी बाबा म्हणाले, "अख्खं कोकण आपल्याला शनवार तेली म्हणायचं. शनवारी शब्बाथ पाळायचा म्हणून आपला घाणा बंद, हे तिथं कुणालाही विचार. आणि हे आपलेच लोक पुरावा मागतात?"

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ बागेत बाबांसमोर टोपी हातात घेऊन उभे राहिले. त्यांना काहीतरी सांगायचं होतं. पण दोघांकडे शब्द होते ते बाणाचे, भाल्याचे, मूत्रपिंडाचे. माफीचा एकही नव्हता. बाबांनी पाठ फिरवली. हे त्यांनीच आईला सांगितलं आणि सांगताना रडले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं.

लवकरच आम्ही अश्केलोनला राहायला गेलो, बाबा तिथे कारखान्यात लागले. पुढे मला नवरा मिळाला, आमच्यातलाच, चांगला मिळाला. बाबांना मात्र बोलायला पुन्हा कोणी मिळालं नाही.