चढावरचा ब्रेक

जेवता जेवता नवऱ्याने मध्येच विचारलं, "आई, तुझं वजन किती असेल गं?"

"का रे? विकायला काढतोस का मला?" सासूबाईंनी वाटी आपटली.

तिने हसू गिळलं. आठवडाभर हेच चाललं होतं. दूधवाल्याला वजन विचार, शेजारच्या शिंपीणबाईंना विचार. त्या तर तेव्हापासून तोंड फिरवून जात होत्या.

तसा लग्न झाल्यापासून तो कधी स्वस्थ बसलेला तिने पाहिलाच नव्हता. वाफेच्या इंजिनांच्या कारखान्यातली कायमची नोकरी सोडून तो विजेच्या मागे लागला. "धूर नाही, घोडे नाहीत, मग गाडी ओढणार कोण, मी?" असं सासरे शेवटपर्यंत विचारत राहिले. त्याच्यामागे तिने किती खोल्या मांडल्या नि मोडल्या. अखेर या गावात, स्टेशनापासून टेकडीवरच्या वस्तीपर्यंत विजेची गाडी सुरू करायचं काम त्याला मिळालं. खांब उभे राहिले, तार ताणली गेली. तार चांगली दोन पुरुष उंच, तरी लोक तिच्याखालून डोकं वाकवून जात.

म्हणूनच कंपनीचे मोठे साहेब म्हणाले होते, "पहिल्या दिवशी तुमची बायको-मुलगी पुढच्या बाकावर बसवा. लोक आपोआप चढतील." आणि हा भरात "हो" म्हणून आला होता. तिने मुलीसाठी नवा फ्रॉकही शिवायला घेतला होता.

तो अर्धं जेवण टाकून मागच्या दारी गेला. ती हात पुसत मागोमाग गेली.

"काय बिनसलंय, ते सांगा. वजनं कसली विचारताय?"

"काही नाही गं."

"काही नाही, तर ताटावरून का उठलात?"

तो अंगणात दोन फेऱ्या मारून थांबला. "टपावरचा दांडा तारेतून वीज घेतो ना, तो वळणावर कधीकधी निसटतो. मग गाडी चढावर नुसती हाताच्या ब्रेकवर. रिकामा डबा ठाम उभा राहतो. गेल्या आठवड्यात पोती भरून पाहिलं..."

"मग?"

"मागे सरकला. माणसं पोत्यांपेक्षा हलकी भरतील, असं वाटलं होतं, म्हणून वजनं विचारत सुटलो."

"साहेबांना सांगितलंत?"

"ते म्हणतात, दांडा निसटणारच नाही. तारीख पुढे गेली तर माझी जागा गेली." मग घाईघाईने म्हणाला, "हे बघ, तू तापाचं निमित्त कर. पोरीला घेऊन घरी राहा. ब्रेकपाशी मी स्वतः उभा राहीन."

"आम्हाला उतरवाल. आणि शिंपीणबाईंना चढवाल?"

तो चपला अडकवून तडक साहेबांच्या बंगल्याकडे गेला. परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरूनच सासूबाईंना कळलं. "घालवलीस ना?" त्या म्हणाल्या.

जागा गेली, पण पुरती नाही. बाहेरून दुसरा इंजिनियर आला. त्याने पोती भरून स्वतः पाहिलं आणि चूपचाप दुसरा ब्रेक मागवला. ह्याला हाताखाली ठेवून घेतलं, कारण खांबन् खांब ह्यालाच ठाऊक. पगार उतरला. बाजारात लोक म्हणायचे, "बायकोला घाबरून गाडी थांबवली म्हणे!" ती भाजी निवडत ऐकून घ्यायची.

पावसाळा उलटल्यावर गाडी निघाली. ती आणि मुलगी पुढच्या बाकावर बसल्या. वळणावर नव्या इंजिनियरने मुद्दाम दांडा तारेवरून ओढून घेतला. घरघर थांबली. डबा गच्च भरलेला. कुणी श्वासही घेईना. तिने मुलीचा दंड इतका आवळला की पोरगी ओरडली. गाडी जागची हलली नाही.

वर पोचल्यावर टाळ्या झाल्या, हस्तांदोलनं झाली. तिने गर्दीत नवऱ्याला शोधलं. तो मागच्या पायरीवर लटकून चाकांकडे वाकून बघत होता.

"अहो, आता खाली जाताना तरी आमच्याजवळ बसा," ती म्हणाली.

"खाली जाताना?" तो वर न बघताच म्हणाला. "खाली जाताना तर बघायलाच हवं!"