आईच्या उशाचं बटण

सुतार राउटर हातात धरून चालवतात. लाकडाची कड गोल करायचं, खाच घ्यायचं मशीन ते. मूठ वर, पातं खाली. मी ते उलटं करून टेबलाखाली टांगलं. जाड प्लायला मधोमध भोक पाडलं, खालून मशीन स्क्रूंनी आवळलं, भोकातून पातं वर काढलं आणि त्याच्या मागे लाकूड टेकवायला एक सरळ पट्टी बसवली. असं केलं की मशीन जागचं हलत नाही, लाकूडच त्याच्यासमोरून सरकवायचं. तेही उजवीकडून डावीकडे. उलटं सरकवलं तर पातं लाकूड हिसकावून घेतं आणि भिरकावून देतं.

हा सगळा पसारा मी मुलुंडच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत मांडला. गॅलरी ग्रील ठोकून, काचा लावून केव्हाच बंद केलेली. टेबल बसवल्यावर वळायचं तरी पोट आत घ्यावं लागायचं. पण दार लोटून घेतलं की ती जागा माझी होती. बाकीच्या घरात माझी म्हणावी अशी जागा उरली नव्हती.

आई मोरीत पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर ती धरल्याशिवाय उठू शकली नाही. मी नोकरी सोडली. धाकटा भाऊ पनवेलला असतो. तो फोनवर दरवेळी म्हणायचा, "तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे ना." हे ऐकलं की माझं डोकं सटकायचं. एकाने निर्धास्त राहायचं म्हणून दुसऱ्याने आतून कडी लावून बसायचं. दूधवाल्याशी दोन शब्द जास्त बोलले तरी आतून हाक यायची. मी त्या घरात गुदमरत होते, आणि आईला ते कळत होतं, हे त्याहून वाईट.

त्यात गावच्या घरातला गणपतीचा पाट वाळवीने खाल्ला. आमच्याकडे गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराकडे, घरचा पाट आधी नेऊन द्यायचा असतो. तो त्याच पाटावर मूर्ती घडवतो. भाऊ म्हणाला, विकत आणू. मी म्हटलं, मी करते. बाबा मिलच्या सुतारखात्यात होते, लाकडाचा नाद त्यांचाच. यंदा मला काही गावी जाता येणार नव्हतं. निदान माझ्या हातचा पाट तरी जाईल, एवढीच माझी हाव होती. गावाहून फणसाची फळी मागवली. नागपंचमीच्या आत पाट पोचायला हवा होता.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. राउटर असा किंचाळतो की शेजारच्या खोलीतली हाक ऐकू येत नाही. मी मशीन बंद करून बाहेर आले तेव्हा आईचा घसा बसला होता आणि ती रडत होती. मग मी राउटरची वायर तिच्या उशाशी असलेल्या एक्स्टेंशन बोर्डाला जोडली आणि बोर्ड तिच्या हाताशी ठेवला. हाक मारू नकोस, बटण बंद कर, मशीन थांबलं की मी येते, असं तिला समजावलं. आधी मशीनचा स्वतःचा खटका बंद करायचा आणि मगच जायचं, नाहीतर तिने बटण पुन्हा लावलं की ते एकटंच सुरू होईल, हे मी स्वतःला समजावलं.

झालं, आईच्या हातात कोलीत दिल्यासारखं झालं. मशीन सुरू झालं की तिला माझी आठवण यायची. फळी अर्ध्यावर असताना आवाज एकदम बसायचा. मी तणतणत जायची तर ती शांतपणे म्हणायची, "काय नाय गो. आसस काय ता बघलंय."

पातं थांबता थांबता लाकडाला एकाच जागी घासतं आणि तिथे काळा डाग पडतो. फणसाच्या पिवळ्या लाकडावर तो लगेच दिसतो. पाटाच्या तीन कडांवर असे डाग पडले. मी खूप चिडले. एकदा तर म्हटलं, मी माणूस आहे की कॉलबेल. आईने पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी चौथी कड घेतली. फणस टणक, म्हणून पातं थोडं थोडं वर घेत एकच कड चार-पाच वेळा फिरवावी लागते. मी वाट बघत होते, आता थांबेल, आता थांबेल. थांबलं नाही. शेवटची फेरी झाली, फळी उचलून बोट फिरवलं तर कड लोण्यासारखी, कुठे डाग नाही. कित्येक महिन्यांत मी एवढी खूश झाले नव्हते. आईला दाखवायला पाट घेऊनच धावले.

आई जागी होती. बोट बटणावर होतं. चादर पार ओली झाली होती, आणि ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"अगं, बटण का नाही दाबलंस?"

"तुजा काम चलला होता. म्हटलंय, एकदा तरी पुरा होऊ दे."

मी पाट खाली ठेवला, तिला पुसलं, चादर बदलली. दोघीही एकमेकींकडे बघत नव्हतो. मला रडू आलं ते मी गादी उलटी करताना उरकून घेतलं.

काळे डाग पॉलिशपेपरने घासले असते तर गेले असते. मी घासले नाहीत. भाऊ पाट न्यायला आला तेव्हा चारी बाजूंनी फिरवून बघत म्हणाला, "ही एक बाजू झकास आली आहे. मूर्तिकाराला सांगतो, ही पुढे घे."

मी म्हटलं, "नको. ती भिंतीकडे. डागांची पुढे."