अस्वलाचा उतारा

दर शनिवारी अमरावतीहून सेमाडोहला जाताना माझ्या पिशवीत चार पुस्तकं असायची, आणि परत येताना डोक्यात पाच किस्से! आता मित्र जमले की चहा थंड होतो, पण किस्से संपत नाहीत.

तिथे पर्यटकांना जंगल दाखवणाऱ्या गाईडांना मी इंग्रजी शिकवत होतो. इंग्रजी उतारा वाचून जो अर्थ सांगेल त्यालाच नवा बिल्ला, असा वनखात्याचा नियम आला होता. बिल्ला नाही तर काम नाही! मी युक्ती काढली. आधी मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ, मग त्याच विषयावरचा उतारा. चित्र डोक्यात बसलं की शब्द अडत नाहीत, असं मोठ्या रुबाबात सांगितलंही.

पहिलाच व्हिडिओ हरणावर टपलेल्या वाघाचा. उताऱ्यात स्वच्छ छापलेलं, वाघ गवतात लपलाय. "वेअर इज द टायगर?" वर्गातल्या अकराही जणांनी लिहिलं, नाल्यात!

"अरे, वाचलं नाही का?"

"वाचलं न सर! पण व्हिडिओत वारा पाहा कोनीकडून हाय. हरनाले वास नाही का जाणार? वाघ गवतात थांबतच नाही!"

मी सगळ्यांना पूर्ण मार्क दिले.

*

एकदा व्हिडिओतलं वानर ओरडलं. म्हणजे जवळ वाघ असल्याचा इशारा. तेवढ्यात बाहेरच्या सागावरून खऱ्या वानरांनी साथ दिली आणि अख्खा वर्ग दारात.

"बसा रे, तो मोबाईलमधला आवाज होता!"

"मोबाईल तुमच्या हातात हाय सर. झाडावरच्यानं काय पाह्यलं?"

त्या दिवशी उतारा राहिलाच.

*

सुखलालभाऊ सगळ्यांत वयस्क. दोनदा नापास, आता शेवटची संधी. भर मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट. "काहून भाऊ?" विचारलं तर म्हणायचे, "थंडी वाजते सर!" मला सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच होती.

परीक्षेला मी बाजूलाच बसलो होतो. उतारा आला अस्वलाचा. भाऊंनी बोट ठेवून, अडखळत, पण शेवटपर्यंत वाचला.

"अर्थ सांगा," परीक्षा घेणारे वनखात्याचे साहेब म्हणाले.

"मानूस दिसला का अस्वल पळून जाते, अंगावर येत नाही, असं लिहून हाय."

"शाबास! बरोबर."

"पण लिहेल चूक हाय न साहेब."

मी मनात म्हटलं, गेला बिल्ला!

"चूक? तुम्हाला कसं माहीत?" साहेबांचा आवाज चढला.

भाऊंनी शांतपणे डाव्या बाहीचं बटण काढलं आणि बाही वर सरकवली. मनगटापासून कोपरापर्यंत चार जुने व्रण.

"व्हिडिओ नाही साहेब. ओरिजिनल हाय!"

साहेबांनी आधी बिल्ल्याच्या कागदावर सही केली, मग उताऱ्यातली ती ओळ खोडली.