सामायिक आंब्याची हाळी

मुळशी धरणाच्या वरच्या अंगाच्या वाडीतल्या सोनीचा आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत येतो. म्हणूनच वाडीनं सामायिक आंब्याची राखण तिच्याकडे दिली. झाड कुणाच्या बांधात नाही, त्याला कुंपणही नाही. सोनीची हाळी पडेपर्यंत फळाला हात लावायचा नाही. मग सगळ्यांनी मिळून कैऱ्या उतरवायच्या आणि घरागणिक सारखे वाटे घालायचे. गळालेली कैरी मात्र सापडेल त्याची. आधी कुणी तोडली, तर त्याच्या घरानं झऱ्यातला गाळ उपसायचा.

गेल्या वर्षी तो म्हाताऱ्या कान्हूनं उपसला होता. दोन कैऱ्यांपायी. सोनी काठावरच्या दगडावर बसून राहिलेला गाळ दाखवत होती.

यंदा चैत्रात तिची सून जुईली ओढणीत कैऱ्या घेऊन घरी आली. पाचवा महिना होता. माहेर शहरालगतच्या जांबे गावचं, तिथली झाडं आता सोसायट्यांच्या भिंतींआड गेलेली.

“पडलेल्या होत्या, आत्या.”

सोनीनं एका कैरीचा देठ पाहिला. चीक ओला होता. त्याचा एक ओघळ जुईलीच्या हनुवटीवरही होता.

“तोंड धू आधी. भाजंल.”

जुईलीनं मान खाली घातली. “आये, डोहाळं हायेत तिचं,” सोनीचा मुलगा भिकू हळूच म्हणाला. “कुणी बघितलं न्हाई. गप ऱ्हा की.”

पोटुशीच्या तोंडची कैरी काढून घेणं सोनीला जमलं नाही. तिनं मीठ-मिरची वाटून दिली. पण आपल्या घरचं झाकलं, तर पुढं आपल्या हाळीला कोण थांबणार, हे तिच्या डोक्यातून जाईना. सकाळी फावडं-घमेलं घेऊन ती झऱ्यावर गेली.

पाण्याला आलेल्या बायका थबकल्या. “माझ्याच घरानं तोडल्या,” सोनी म्हणाली आणि गाळात उतरली.

बातमी कळताच कान्हू येऊन बरोबर तिच्या गेल्या वर्षीच्या दगडावर बसला.

“त्या कपारीत हात घाल, सोने. तितं लई गाळ हाय.”

“तात्या, जीभ तेवढी चालवा तुमी.”

“मंग? तू बसली व्हतीस तवा मला सोडलंस व्हय?” तो मनापासून हसला. मग हसू आवरून म्हणाला, “पर पोटुशीला थांब म्हनायचं, ह्यो आपला नेमबी वंगाळच की गं.”

संध्याकाळी झाडाखाली माणसं जमली तेव्हा ही गोष्ट त्यानंच काढली. उताराकडची, हाताला येणारी फांदी डोहाळ्यांची ठरली. तिला हाळी नाही, दंड नाही.

“मलाबी डोहाळं लागल्यात,” कान्हू म्हणाला.

“लागू द्या, तात्या,” सोनी म्हणाली. “झरा कुटं पळून चाललाय?”

पुढं आठवड्यानं सोनीनं हाळी दिली. हाळी डोंगरावर आपटून परत येईतो घरोघरची माणसं झाडाखाली आली होती. उताराची फांदी तेवढी रिकामी होती. बाकी झाड जसंच्या तसं लगडलेलं. सगळ्यांच्या पुढं, रिकामी पाटी डोक्यावर पालथी घालून, कान्हू उभा होता.