झाकलेला आकडा

मास्तर चौतिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी झाला. नऊ वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं, मग एक दिवस उठला आणि कणभौतिकीचा अर्ज भरून बसला. ताई म्हणाली, "घोडा झालास, आता कसली शाळा?" ताई म्हणजे थोरली बहीण. आईमागं तिनंच त्याला वाढवलं, शिलाई मशीनवर वाकून वाकून.

चार देशांतल्या चार विद्यापीठांनी मिळून चालवलेलं शिक्षण होतं ते. दर सहा महिन्यांनी नवा देश, नवी खोली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं ह्याचं एका बॅगेत. दिव्याचं बटण अंधारात न चाचपता सापडायला लागलं की खोली सोडायची वेळ यायची. पहिल्या मुक्कामाला अकरा जण होते. दुसऱ्याला सहा, कारण ज्यानं त्यानं आपापला विषय धरला. शेवटच्याला उरले दोघेच. एक मास्तर, दुसरा लांब्या. लांब्या तेवीस वर्षांचा, दारातून वाकून आत येणारा. भाषा दोघांची वेगळी, पण 'मास्तर' हा शब्द त्यानं पहिल्याच आठवड्यात उचलला. दिवसभरात मास्तरला कुणी हाक मारलीच तर ती त्याचीच.

शेवटच्या सहा महिन्यांचं काम होतं एका कणाचं आयुष्य मोजायचं. कण जन्मतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी मरतो. ताई फोनवर म्हणायची, "दिसत नाही, हाताला लागत नाही, जगत नाही. आणि तू त्याच्यासाठी तिकडं जाऊन बसलास!"

ह्या कामात एक रीत असते. उत्तर कुणी आधी बघायचं नाही. कॉम्प्युटर खऱ्या उत्तरात एक गुपित आकडा मिसळून भलतंच उत्तर दाखवतो. कोणत्या नोंदी ठेवायच्या, कोणत्या टाकायच्या, हे सगळं ठरलं, मार्गदर्शक बाईंनी सही केली, की मगच सगळ्यांच्या देखत झाकण उघडायचं, म्हणजे तो गुपित आकडा काढून टाकायचा. आधी बघितलं की माणूस नकळत उत्तराकडं सरकतो. मास्तरला हे समजावून सांगायची गरज नव्हती. शाळेत पोरं लंबकाच्या प्रयोगात पुस्तकातलं उत्तर आधी लिहायची आणि वाचनं मागून रचायची. त्या वह्यांवर ह्यानं लाल रेघा ओढल्या होत्या.

झाकण उघडायला तीन आठवडे होते. परतीचं तिकीट काढलेलं होतं. नोंदी निवडायचे दोन निर्णय तेवढे बाकी होते. त्या दुपारी लांब्या दातांच्या डॉक्टरकडं गेला होता. मास्तरनं एक तपासणी करायला जुना प्रोग्राम काढला, सरावाच्या नोंदींसाठी लिहिलेला. सरावात झाकायचं काही नसतं, म्हणून त्यात झाकण घातलेलंच नव्हतं. सरावाच्या नोंदींऐवजी खऱ्या नोंदी जोडल्या, झाकण घालायचं विसरला, आणि बटण दाबलं.

पडद्यावर आकडा आला. नागडा. खरा.

मास्तरनं पडदा बंद केला. पण बघितलेलं कुठं बंद होतंय? आधीच्या शास्त्रज्ञांच्या मोजणीच्या अगदी शेजारी बसलेला, देखणा आकडा होता. खोलीत कुणी नव्हतं. ती ओळ पुसली असती तर ब्रह्मदेवालाही पत्ता लागला नसता. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग बाकीच्या दोन निर्णयांपैकी एक त्यानं मनातल्या मनात करून बघितला. लगेच कळलं की आपण आकड्याला सोयीचं तेच निवडतोय.

दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी बाईंच्या दारावर टकटक केली. बाई वयानं त्याच्याहून दोनेक वर्षं लहानच.

"बाई, मी उत्तर बघितलंय. चुकून."

बाईंनी चष्मा काढला. "सोबत कोण होतं?"

"कुणी नाही."

"मग मला कसं कळलं असतं?"

"नसतंच कळलं."

बाईंनी चष्मा पुसून परत घातला. मग म्हणाल्या, "आकडा मला सांगू नका. कुणालाच नको. हा कण तुमच्या हातून गेला, मास्तर. उरलेलं लांब्या करील. तुम्हाला दुसरा कण देते, पहिल्यापासून. सहा महिने जातील."

"जाऊ देत."

"आणि झाकण उघडेपर्यंत लांब्याशी कामावर एक अक्षर बोलायचं नाही. बसायची जागाही बदला. तुमच्या तोंडावरूनसुद्धा त्याला कळायला नको."

संध्याकाळी ताईला फोन केला. तिकीट रद्द झाल्याचं सांगितलं. ताई भडकली. "कुणी बघितलं नव्हतं ना? मग पायावर धोंडा कशाला मारून घेतलास? हरिश्चंद्राचा नातू आला मोठा!"

"वह्यांवर रेघा मारायचो ना मी."

"ती पोरं होती, बाबा." पलीकडं कात्री ठेवल्याचा आवाज आला. "बरं, मला सांग तो आकडा. मी कुणाला सांगणार आहे?"

"नको, ताई."

"मलाही नाही?"

"कुणालाच नाही."

"मग ठेव पोटात," ताई म्हणाली, आणि रोज विचारायची ते जेवणाचं न विचारताच फोन ठेवला.

सोमवारी मास्तरचं टेबल तळघरातल्या खोलीत गेलं. खिडकी नाही, शेजारी पंख्यांची घरघर. दुपारी कँटीनमध्ये त्यानं भिंतीकडचं टेबल धरलं. लांब्या ताट घेऊन आला, सवयीनं तिकडं वळला, मधेच थबकला, आणि दोन टेबलं सोडून बसला.

"मास्तर, हवेवर बोललं तर चालेल का?" तो तिथूनच ओरडला.

"हवेवर चालेल."

"गार आहे आज."

"हो. काल जास्त होतं."

"उद्या ऊन पडेल म्हणतात."

"पडू दे."

लांब्यानं पुढचं वाक्य शोधलं. मास्तरनंही शोधलं. पाच महिने दोघं रोज एकाच टेबलावर जेवले होते आणि कणाशिवाय दुसरं काही बोलले नव्हते, हे आत्ता दोघांच्याही ध्यानात आलं. लांब्यानं खाली मान घालून ब्रेड मोडला. मास्तर सूप पिऊ लागला. ते तोवर निवलं होतं.